जुन्या आलिशान गाडीच्या मागच्या तुटलेल्या स्प्रिंगा बदलणे : सविस्तर मार्गदर्शन

वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या आलिशान गाडीची मागची स्प्रिंग तुटते, तेव्हा बऱ्याचदा मालकाला ते लगेच कळतही नाही. गाडी जड असते, आतील आवाजरोधक अस्तर जाड असते आणि तुटलेला तुकडा बहुधा सर्वांत खालच्या वेढ्याचा असल्यामुळे उरलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत कशीबशी टेकून काम करत राहते. मागे एका बाजूने गाडी किंचित खाली दिसणे, खड्ड्यातून जाताना एकदाच ‘टक्’ असा धातूचा आवाज येणे, किंवा मागे भार असताना चाक मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासणे एवढीच लक्षणे असतात. तरीही तुटलेल्या स्प्रिंगवर गाडी चालवत राहणे धोक्याचे आहे, कारण तुटलेले टोक धारदार असते आणि ते जागेवरून सरकले तर टायरच्या आतल्या भिंतीत, ब्रेकच्या रबरी नळीत किंवा ॲक्सलच्या रबरी आवरणात घुसू शकते. तुटल्याची खात्री पटली की गाडी चालवणे थांबवावे आणि दुरुस्ती जिथे करायची तिथे ती उचलून न्यावी.

या लेखातील कामाचा क्रम मर्सिडीज-बेंझच्या ज्या मागच्या सस्पेन्शनवर (चाके गाडीला लवचीकपणे जोडणाऱ्या रचनेवर) बेतलेला आहे, ते पाच दांड्यांचे सस्पेन्शन १९८२ मध्ये डब्ल्यू २०१ या मॉडेलबरोबर आले आणि पुढे डब्ल्यू १२४, डब्ल्यू २०२ व डब्ल्यू २१० या गाड्यांतही वापरले गेले. या रचनेत स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर (स्प्रिंगची उसळी आवरणारा भाग, पुढे नुसता ‘शॉक’) वेगवेगळे बसवलेले असतात. स्प्रिंग खाली लोअर आर्मच्या (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, पुढे नुसता ‘आर्म’) खोलगट बैठकीत आणि वर गाडीच्या सांगाड्याला असलेल्या बैठकीत दाबून बसलेली असते. अशी रचना इतर अनेक कंपन्यांच्या गाड्यांतही आढळते आणि तिथेही कामाचे तत्त्व हेच राहते. मात्र बीएमडब्ल्यूच्या ई ३९ सेदानसारख्या गाड्यांत मागची स्प्रिंग शॉक ॲब्झॉर्बरभोवतीच बसवलेली असते. तिथे आख्खा संच बाहेर काढून मगच स्प्रिंग सुटी करावी लागते आणि ती पूर्ण दाबल्याशिवाय शॉकच्या वरच्या टोकाचा मधला नट कधीही सोडायचा नसतो. डब्ल्यू १२४ च्या इस्टेट (मागे सामानासाठी लांब छत असलेल्या) प्रकारात आणि काही सेदानमध्ये मागे स्वयंचलित उंची राखणारी तेलाच्या दाबाची यंत्रणा असते. तिच्यातील दाब उतरवण्याची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे अशा गाडीवर हा क्रम जसाच्या तसा लागू करू नये.

एक प्रश्न या कामात पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःला विचारत राहावा लागतो : ह्या क्षणी स्प्रिंगचा जोर कोण पेलत आहे? चाक जमिनीवर असेल तर तो जोर गाडीच्या वजनाशी तोललेला असतो. चाक हवेत लोंबकळत असेल, तर अनेक गाड्यांत तो एकट्या शॉक ॲब्झॉर्बरने आणि त्याच्या खालच्या एका बोल्टने धरून ठेवलेला असतो. तो बोल्ट काढला की जोर जाईल कुठे, याचे उत्तर पाना हातात घेण्याआधी तयार असले पाहिजे. ज्या पायरीवर उत्तर सापडत नाही, त्या पायरीवर थांबावे.

स्प्रिंग नेमकी का तुटते

वळसेदार स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची सळई प्रत्यक्षात पिळली जाते, आणि हा पीळ वेढ्याच्या आतल्या अंगाला सर्वांत जास्त ताण देतो. स्प्रिंगचे पोलाद अतिशय कठीण केलेले असते. ते वर्षानुवर्षे हा ताण सहज सोसते, पण एका अटीवर : पृष्ठभाग निर्दोष राहिला पाहिजे. खालच्या वेढ्याचे टोक आर्मच्या बैठकीत टेकलेले असते, तिथे वाळू आणि चिखल साचतो, प्रत्येक हालचालीबरोबर तो रंगावर कानसेसारखा घासतो आणि रंग गेला की पाणी पोलादापर्यंत पोहोचते. गंजाचा एखादा बारीक खड्डा पडला, की पिळाचा ताण त्या खड्ड्याच्या तळाशी एकवटतो, तिथे भेग जन्म घेते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ती थोडी पुढे सरकते. शेवटी उरलेला धातू एका धक्क्यात तुटतो. म्हणूनच तुटलेल्या तोंडाकडे नीट पाहिले तर त्याचा एक भाग काळपट, गंजलेला दिसतो आणि दुसरा भाग ताजा, राखाडी, खरखरीत असतो. पहिला भाग म्हणजे बऱ्याच आधीपासून असलेली भेग. हे समजून घेणे कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण दुसऱ्या बाजूच्या स्प्रिंगनेही तेवढीच वर्षे तोच चिखल सोसलेला असतो, आणि नवीन स्प्रिंगच्या रंगाला बसवतानाच ओरखडा पाडला तर आपण त्याच आजाराची सुरुवात आपल्या हाताने करून ठेवतो.

याच कारणासाठी स्प्रिंगा नेहमी जोडीनेच बदलाव्यात. जुनी स्प्रिंग काळाच्या ओघात थोडी बसलेली असते, नवी तिच्यापेक्षा उंच राहते आणि एकच बदलल्यास गाडी तिरकी उभी राहते. तुटलेल्या स्प्रिंगला वेल्डिंग करून जोडणे हा तर उपायच नव्हे. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाला दिलेले कठिणीकरण बिघडते आणि सांध्यालगतचा भाग ठिसूळ होतो.

खात्री करून घेणे

गाडी सपाट जागी उभी करावी, डिकी रिकामी करावी आणि चारही टायरांतील हवा योग्य दाबाला आणावी. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या खालच्या कडेपर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजण्यापेक्षा हे माप अधिक भरवशाचे, कारण टायरची झीज त्यात मिसळत नाही. डाव्या-उजव्या मापांत ठळक फरक असेल तर स्प्रिंग, तिची वरची रबरी बैठक किंवा आर्म यांपैकी कशात तरी दोष आहे. त्यानंतर विजेरी आणि छोटा आरसा घेऊन खालचा वेढा पाहावा. तुकडा अनेकदा चिखलात दडलेला असतो, म्हणून आधी पाण्याने धुऊन काढावे. तुटलेला तुकडा केव्हाच गळून पडला असेल तर स्प्रिंगचे टोक बैठकीतील अडणीपाशी (टोक जिथे टेकून थांबते त्या उंचवट्यापाशी) नसून मध्येच कुठेतरी आखडलेले दिसते.

पाहणी करतानाच लोअर आर्मची अवस्था तपासावी. डब्ल्यू १२४ आणि तिच्या भावंडांत या आर्मच्या खाली प्लॅस्टिकचे आवरण असते आणि त्याच्या आड ओलावा साचून आर्म आतून गंजतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने स्प्रिंगच्या बैठकीभोवती ठोकून पाहावे. भरीव आवाजाऐवजी बोदा आवाज आला किंवा पापुद्रे निघाले, तर आर्मही बदलावा लागेल. गंजलेल्या बैठकीवर नवी स्प्रिंग दाबून बसवणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. वरची बैठकही तशीच तपासावी. सांगाड्याचा तो भाग खाल्ला गेला असेल, तर पत्र्याच्या पक्क्या दुरुस्तीशिवाय पुढे जाऊ नये.

सुटे भाग निवडणे

जुन्या आलिशान गाडीच्या बाबतीत हा टप्पा जितका दुर्लक्षित, तितकाच निर्णायक आहे. एकाच मॉडेलला इंजिन, गिअरबॉक्स, सनरूफ, वातानुकूलन, मागची आसनव्यवस्था यांनुसार वजनात बराच फरक पडतो, आणि मर्सिडीजने त्या काळात प्रत्येक जोडसाहित्याला गुण देऊन, त्या गुणांच्या बेरजेवरून स्प्रिंग आणि रबरी बैठकीची जाडी ठरवण्याची पद्धत ठेवली होती. त्यामुळे ‘ह्या मॉडेलची मागची स्प्रिंग’ एवढेच सांगून मागवलेला भाग बसेल, पण उंची बिघडवेल. गाडीच्या चासी क्रमांकावरून मूळ भागक्रमांक शोधावा आणि त्याच्याशी जुळणारी स्प्रिंग मागवावी. जुन्या स्प्रिंगवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे शिल्लक असतील तर त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे; दोन्ही नव्या स्प्रिंगांवरील खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

वरच्या रबरी बैठका नव्याच घ्याव्यात. मर्सिडीजच्या या बैठका वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात आणि त्यांच्या कडेला असलेल्या गोल उंचवट्यांच्या संख्येवरून जाडी ओळखता येते, तेव्हा जुन्या रबरावरचे उंचवटे मोजून त्याच जाडीचे रबर मागवावे. डाव्या आणि उजव्या बाजूला मुळातच वेगळ्या जाडीची रबरे असू शकतात, म्हणून दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजाव्यात.

शॉक ॲब्झॉर्बरच्या खालच्या जोडाचे आणि अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या आडव्या दांडीच्या) लिंकचे, म्हणजे जोडदांडीचे, स्वयंबंद नट एकदाच वापरायचे असतात. ते नवे आणावेत. शॉक तेल गळत असेल तर तो याच वेळी बदलणे शहाणपणाचे, कारण त्याचा खालचा बोल्ट काढावा लागणारच आहे. त्याच्या दांडीवरचा रबरी बफर चुरा झालेला आढळला तर तोही बदलावा. स्प्रिंग पूर्ण दाबली जाते तेव्हा शेवटचा धक्का तोच झेलतो.

हत्यारे, आणि त्यांतले मुख्य हत्यार

नेहमीचे सॉकेट पाने, रिंग पाने, टॉर्क पाना (नेमक्या मापाच्या जोराने आवळणारा), तारेचा ब्रश, गंज सैल करणारे तेल, एक मजबूत ट्रॉली जॅक, आर्मखाली धरण्यासाठी दुसरा जॅक, वजनक्षमता नोंदलेले दोन स्टँड आणि पुढच्या चाकांसाठी भक्कम लाकडी ठोकळे एवढे लागते. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत जाड मोजे हवेतच.

मुख्य हत्यार म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसर, स्प्रिंग दाबून धरणारे साधन. बाहेरून दोन दांड्या आणि आकडे लावण्याचा जो स्वस्त प्रकार सर्वत्र मिळतो, तो या जागी वापरू नये. आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये त्याला पुरेशी जागा नसते, आकडे वेढ्यावरून घसरतात आणि दोन बाजू असमान आवळल्या गेल्या की स्प्रिंग केळीसारखी वाकते. इथे स्प्रिंगच्या आतून जाणारा, एक मधला स्क्रू आणि दोन पकडपट्ट्या असलेला कॉम्प्रेसर लागतो. त्याचा स्क्रू आर्मच्या मधल्या छिद्रातून खालून वर जातो आणि पट्ट्या वेढ्यांमध्ये बसतात. तो विकत घेण्यापेक्षा भाड्याने मिळत असेल तर अवश्य घ्यावा, पण पट्ट्यांचा व्यास आपल्या स्प्रिंगला जुळतो का, आटे स्वच्छ आहेत का आणि स्क्रू सरळ आहे का, हे घेतानाच पाहावे. आट्यांना भरपूर ग्रीस लावावे.

याबाबत एवढा आग्रह का, हे आकड्यांतून स्पष्ट होते. उदाहरणादाखल प्रत्येक मिलिमीटरला ५० न्यूटन जोर लागणारी स्प्रिंग १२० मिलिमीटर दाबली, तर ती ६,००० न्यूटन, म्हणजे साधारण ६०० किलो वजनाएवढ्या जोराने परत उसळू पाहते, आणि तिच्यात ३६० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. सुमारे ३७ किलोची वस्तू एक मीटर उंच उचलायला एवढी ऊर्जा लागते. ती एका क्षणात सुटली तर वाटेत आलेले हाड शिल्लक राहणार नाही. म्हणून कॉम्प्रेसरच्या स्क्रूवर हवेवर किंवा विजेवर चालणारे धक्कायंत्र कधीही लावू नये. धक्क्यांनी आटे खाल्ले जातात, पट्टी सरकली तरी हाताला कळत नाही आणि थांबण्याची वेळ निघून जाते. साधा रॅचेट आणि संयम यांनीच हे काम करावे.

गाडी उचलणे

आदल्या दिवशी शॉकच्या खालच्या बोल्टला आणि अँटी-रोल बारच्या नटांना गंज सैल करणारे तेल मारून ठेवावे. कामाच्या दिवशी गाडी कठीण, सपाट फरशीवर उभी करून पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून ठोकळे लावावेत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे ठोकळे हाच एकमेव आधार असतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो आणि स्वयंचलित गिअरबॉक्सचा ‘पी’ही मागचीच चाके अडवतो, मागची चाके हवेत गेली की दोन्ही निरुपयोगी ठरतात आणि पुढची चाके मोकळी फिरू शकतात.

चाकांचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. नंतर उत्पादकाने नेमून दिलेल्या जागी जॅक लावून मागचा भाग उचलावा आणि दोन्ही बाजूंना सांगाड्याच्या ठरलेल्या आधारबिंदूंखाली स्टँड द्यावेत. स्टँड आर्मखाली देऊ नयेत, कारण आर्मच तर खाली-वर हलवायचा आहे. दोन्ही बाजू एकाच वेळी उचललेल्या बऱ्या. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बार पिळला जाऊन आर्मला वर ओढत राहतो. गाडी स्टँडवर टेकल्यावर बंपरला हात लावून जोराने हलवून पाहावे. ती किंचितही डळमळली तर खाली उतरवून पुन्हा उचलावी. काढलेली चाके दारांखालच्या उंबरपट्टीखाली आडवी सारून ठेवावीत. स्टँडने दगा दिलाच तर तेवढी जागा जीव वाचवते.

आता एका वेळी एकाच बाजूवर काम करावे. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली की काही शंका आल्यास बघायला नमुना समोरच असतो.

तुटलेली स्प्रिंग काढणे

आर्मखालचे प्लॅस्टिकचे आवरण काढल्यावर मधले छिद्र आणि शॉकचा खालचा बोल्ट दिसू लागतो. आर्मशी जोडलेली प्रत्येक तार व नळी नजरेखालून घालावी : एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) संवेदकाची तार, ब्रेकची रबरी नळी, आणि झेनॉन दिवे असलेल्या गाडीत दिव्यांचा कोन राखणाऱ्या संवेदकाची बारीक दांडी. आर्म नेहमीपेक्षा खाली जाणार आहे, तेव्हा ज्याला ओढ बसेल ते आधीच सुटे करावे. अँटी-रोल बारची लिंक सोडावी.

दुसरा जॅक आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लावावा आणि मध्ये लाकडाचा सपाट तुकडा ठेवावा. आर्म एवढाच वर उचलावा की शॉकवरची ओढ नाहीशी होईल. त्याहून जास्त उचलल्यास गाडी स्टँडवरून उचलली जाण्याची भीती असते. ह्या क्षणापासून जोर जॅक पेलतो आहे. जॅकला कुणाचा धक्का लागणार नाही आणि त्याचे चाक फरशीच्या फटीत अडकून तिरके होणार नाही, याची खात्री करावी.

मग कॉम्प्रेसर बसवावा. वरची पट्टी शक्य तितक्या वरच्या वेढ्यात आणि खालची पट्टी शक्य तितक्या खालच्या वेढ्यात बसवायची हा सामान्य नियम. पण तुटलेल्या स्प्रिंगला तो तसाच लागू होत नाही. खालची पट्टी तुटलेल्या टोकापासून किमान एक पूर्ण वेढा वर असली पाहिजे, कारण टोकाजवळच्या भागाला मागे आधार नसतो आणि पकडीत तो उलटू शकतो. उरलेल्या वेढ्यांवरही बोटाने चाचपून भेगा नाहीत ना हे पाहावे. दोन ठिकाणी तुटलेली स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये घेऊ नये. तिच्याबाबतीत आर्म जॅकवर हळूहळू खाली घेऊन ती मोकळी करणे अधिक सुरक्षित असते, आणि ते अनुभवी हातांनीच करावे.

दोन्ही पट्ट्या वेढ्यांच्या उताराशी जुळवून, त्यांच्या खाचांत सळई पूर्ण बसली आहे याची खात्री करून स्क्रू हाताने आवळावा. पकड आली की थांबून चारही बाजूंनी पाहावे. त्यानंतर रॅचेटने थोडे थोडे आवळत जावे आणि दर काही फेऱ्यांनी पट्ट्यांकडे लक्ष द्यावे. चेहरा स्प्रिंगच्या समोर आणि स्क्रूच्या सरळ रेषेत कधीही नसावा. स्प्रिंग बैठकीत सैल होऊन हाताने थोडी फिरू लागली की पुरे. त्यापुढे आवळण्याने फक्त धोका वाढतो.

आता जोर कॉम्प्रेसरमध्ये बंदिस्त झाला आहे आणि जॅकवर फक्त आर्म, हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि ब्रेक यांचे वजन उरले आहे. याच टप्प्यावर, आणि याच टप्प्यावर, शॉकचा खालचा बोल्ट काढायचा. तो अडकला असेल तर तेल, पुढे-मागे फिरवणे आणि पितळी ठोकणी यांनीच सोडवावा. दाबलेल्या स्प्रिंगच्या जवळ गॅसची ज्योत नेऊ नये. पोलाद तापले की त्याचा पाण (दिलेली कठिणता) बिघडतो, शेजारचे रबरी बुश (जोडातले रबरी अस्तर) जळते आणि कॉम्प्रेसरची ताकदही कमी होते. बोल्ट निघाला की जॅक अगदी हळू खाली घ्यावा. आर्म खाली झुकत असताना एका डोळ्याने ब्रेकची नळी आणि ॲक्सलचे रबरी आवरण पाहत राहावे. पुरेशी फट पडली की स्प्रिंग कॉम्प्रेसरसह बाहेर घ्यावी. ती जड असते आणि तिची टोके स्वतःकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे रोखलेली नसावीत. फरशीवर आडवी ठेवून, भिंतीकडे तोंड करून स्क्रू हळूहळू सैल करावा. तुटलेला तुकडा बैठकीत उरला असेल तर तोही शोधून काढावा. पूर्ण स्प्रिंगची लांबी जुळते का हे दोन्ही तुकडे एकत्र ठेवून पाहावे, म्हणजे एखादा तुकडा सांगाड्यात अडकून राहत नाही.

बैठक स्वच्छ करणे

हा भाग घाईने उरकू नये, कारण पहिली स्प्रिंग इथेच मेली. आर्मच्या खोलगट भागातला सगळा चिखल खरवडून काढावा, पाणी निचरण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत, सुटलेला गंज ब्रशने घासावा आणि उघड्या धातूवर गंजरोधक रंगाचा हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. वरच्या बैठकीवर चिकटलेले जुने रबर सोलून काढावे. आर्मच्या दोन्ही टोकांचे बुश याच वेळी पहारीने हलवून पाहावेत, कारण स्प्रिंग नसताना त्यांचा ढिलेपणा स्पष्ट जाणवतो.

नवी स्प्रिंग बसवणे

नवी स्प्रिंग तुटलेल्यापेक्षा लांब असते, त्यामुळे ती काढतानापेक्षा जास्त दाबावी लागते. आर्म पूर्ण खाली घेतल्यावर वरच्या व खालच्या बैठकींमधले अंतर मोजून तेवढी लांबी होईपर्यंतच ती दाबायची. पट्ट्यांना रबरी किंवा प्लॅस्टिकची अस्तरे असतील तर ती वापरावीत. नसतील तर पकडीच्या जागी जाड चिकटपट्टी गुंडाळू नये, कारण तिच्यावरून पकड घसरते. रंगाला ओरखडा पडलाच तर स्प्रिंग बसवण्याआधी तो भाग रंगवून घ्यावा.

रबरी बैठक स्प्रिंगच्या वरच्या टोकावर चढवून, रबरातील पायरी वेढ्याच्या टोकाला भिडेपर्यंत फिरवावी. स्प्रिंग आत सरकवल्यावर खालचे टोक आर्ममधील अडणीला टेकेल अशा तऱ्हेने ती फिरवून घ्यावी. या दोन जुळण्या चुकल्या तर स्प्रिंग चालू गाडीत फिरून आपली जागा शोधते, ‘टण्’ असा आवाज येतो आणि उंचीही बदलते. स्प्रिंगच्या तळाचा भाग बैठकीच्या गोलाईत सर्व बाजूंनी बसला आहे हे विजेरीने पाहून मगच जॅकने आर्म हळू वर न्यावा.

शॉकचे छिद्र जुळले की बोल्ट घालून नवा नट चढवावा आणि आत्ता फक्त टेकेपर्यंत आवळावा. क्रम महत्त्वाचा आहे : आधी शॉक जोडायचा, मग कॉम्प्रेसर सैल करायचा. उलट केले तर स्प्रिंग आर्मला खाली ढकलेल आणि तिला अडवायला जॅकशिवाय काहीच नसेल. कॉम्प्रेसर सैल करतानाही प्रत्येक काही फेऱ्यांनी थांबून वरचे आणि खालचे टोक जागेवर आहे ना हे पाहावे. स्प्रिंग पूर्ण मोकळी झाली की पट्ट्या व स्क्रू काढून घ्यावेत, आणि मगच जॅक खाली घ्यावा.

दुसऱ्या बाजूची स्प्रिंग अखंड असल्याने तिथे पट्ट्या लावणे सोपे जाते, पण तिच्यात जोर जास्त असतो. पहिली बाजू जमली म्हणून दुसरीकडे वेग वाढवण्याची चूक करू नये.

शेवटचे आवळणे आणि तपासणी

सैल केलेल्या तारा, नळ्या, संवेदकाची दांडी आणि लिंक जोडून चाके चढवावीत. डब्ल्यू १२४ आणि डब्ल्यू २१० यांत चाकाच्या बोल्टांसाठी ११० न्यूटन-मीटर हे माप आहे. ते समोरासमोरच्या क्रमाने, गाडी जमिनीवर आल्यावर लावावे. शॉकचा खालचा जोड आणि रबरी बुश असलेले इतर सर्व जोड मात्र गाडीचे पूर्ण वजन चाकांवर असताना, तिच्या नेहमीच्या उंचीवर, दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळायचे असतात. लोंबकळत्या आर्मवर बुश आवळले, तर गाडी खाली येताच ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि थोड्याच काळात फाटते. खाली शिरायला जागा मिळावी म्हणून गाडी चारही चाकांखाली सारख्या उंचीचे भक्कम फलाट देऊन उभी करता येते, किंवा चाकांना आधार देणाऱ्या लिफ्टवर न्यावी.

आवळण्यापूर्वी मागच्या बाजूला वरून दाब देऊन गाडी काही वेळा हलवावी आणि काही फूट पुढे-मागे ढकलावी. त्याशिवाय चाकांचा कोन आणि उंची स्थिर होत नाही. सुरुवातीला केलेली मापे आता पुन्हा घ्यावीत. दोन्ही बाजूंत थोडा फरक राहिला तर आधी स्प्रिंगचे टोक आणि रबराची जाडी तपासावी. फरक ठळक असेल तर तो स्वीकारू नये. गाडी मागे सुरुवातीला थोडी उंच वाटेल, कारण नवी स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरांत थोडी बसते.

पहिली फेरी हळू गतीने, रिकाम्या रस्त्यावर घ्यावी. गतिरोधकावरून तिरकस जाऊन आवाज ऐकावा, ब्रेक दोन-तीनदा लावून गाडी सरळ थांबते का पाहावे आणि परत आल्यावर विजेरीने दोन्ही बैठका, ब्रेकच्या नळ्या आणि टायरची आतली बाजू पुन्हा एकदा तपासावी. मागची उंची बदलली की मागच्या चाकांचे कोन बदलतात आणि पुढच्या दिव्यांचा झोतही खाली-वर होतो. म्हणून स्प्रिंगा बसल्यानंतर, साधारण पाचशे किलोमीटरांनी, चारही चाकांचे अलाइनमेंट (कोनांची जुळणी) करून घ्यावे आणि दिव्यांचा झोत जुळवून घ्यावा. त्याच वेळी चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत, मडगार्डची मापे तिसऱ्यांदा घेऊन दुरुस्तीच्या नोंदीत लिहावीत, आणि पुढे दर पावसाळ्यानंतर आर्मची निचऱ्याची छिद्रे मोकळी आहेत ना हे पाहून बैठकीतला चिखल पाण्याने धुऊन टाकावा.